लकडगंजचा बोर्ड, रविनगरची रिंग

नागपूरला चाललोय असं ऑफिसात सांगितलं की ऑर्डरी ठरलेल्या. एकाला संत्राबर्फी हवी असते, दुसऱ्याला सावजी मसाला. तिसरा विचारतो, ‘फुटाळ्याला जाणार ना?’ लकडगंजला नक्की जा, असं मात्र आजवर एकानेही सांगितलेलं नाही. आणि कशाला सांगेल? तिथे तलाव नाही, किल्ला नाही, फोटो काढून स्टेटसला टाकावं असं काही नाही. तिथे लाकूड आहे. ओंडके, फळ्या, प्लाय आणि भुसा.

तरी मी दर ट्रिपला तिकडे जातो. माझ्या आयुष्यातला बास्केटबॉलचा एकमेव खरा सीझन लकडगंजातल्या एका टालावर सुरू झाला. संपलाही तिथेच.

आधी थोडं लकडगंज

नागपुरात राहिलेल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. रेल्वेलाईनने या शहराचे सरळ दोन भाग केले आहेत. पश्चिमेला सिव्हिल लाईन्स, धरमपेठ, रामदासपेठ, म्हणजे रुंद रस्ते आणि कॉफी शॉप्स. पूर्वेला महाल, इतवारी, गांधीबाग, म्हणजे जुनं शहर आणि बाजार. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू धरून स्टेशनपासून पूर्वेकडे निघालात की या बाजारांची रांग लागते आणि पुढे येतं लकडगंज. नावातच धंदा आहे.

पत्ता विसरलात तरी नाक सांगतं, पोचलात. ताज्या कापलेल्या सागाला एक तेलकट, किंचित कडसर वास असतो. पावसाळ्यात त्यात ओल्या भुशाचा वास मिसळतो. कानात आरा मशीनची किर्रर्र. दुकानांच्या पाट्यांवर पटेल हे आडनाव वारंवार दिसेल. कच्छी पटेल मंडळी देशभर लाकडाच्या धंद्यात आहेत आणि लकडगंज त्याला अपवाद नाही. त्यामुळे एकाच टालावर मालक मुनीमजींशी गुजरातीत बोलतो, गिऱ्हाइकाशी हिंदीत आणि हमालांशी अस्सल वऱ्हाडी-नागपुरीत. बोर्डरूममधल्या प्रेझेंटेशनला हा फंडा वापरून बघा!

इथे लाकडाच्या दोनच जाती. एक साग, आणि बाकी सगळं ‘आडजात’. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग ही विदर्भाची शान. दिल्लीत २०२३ साली सुरू झालेल्या नव्या संसद भवनासाठी साग नागपुरातून गेला. त्याच वर्षी अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागाचे ट्रक निघाले तेव्हा मिरवणूक निघाली होती. पण टालावरच्या माणसाला विचाराल तर तो वेगळंच सांगेल. १९९६ पासून गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे आदेश येत गेले आणि जंगलतोड, आरा मशीनचे परवाने, सगळ्यावर बंधनं आली. जंगलासाठी ते गरजेचंच होतं. धंदा मग बाहेरच्या सागाकडे वळला. २०१४ साली म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा तोही महागला. उरला प्लाय. आज लकडगंजात फिरलात तर ओंडक्यांपेक्षा प्लाय आणि लॅमिनेटच जास्त दिसतील.

आमची गोष्टही प्लायच्या एका शीटपासूनच सुरू होते.

बल्ली

साल २०१६. मी सेकंड इयरला. कॉलेज रुळाच्या अलीकडचं, म्हणजे पूर्वेचं. नाव सांगत नाही, कारण पुढे त्याची थोडी बदनामी आहे. आमच्या टीमचा सेंटर सहा फूट तीन इंच. लकडगंजातल्या टालवाल्याचा मुलगा. बांधकामावर उभ्या करतात त्या लाकडी खांबाला आमच्याकडे बल्ली म्हणतात, म्हणून त्याचंही नाव बल्ली पडलं. प्राध्यापकसुद्धा हजेरी झाल्यावर ‘बल्ली कुठाय?’ विचारायचे.

बल्लीच्या डोक्यात त्या वर्षी एकच माणूस होता, सतनाम सिंग. पंजाबातल्या एका खेड्यातला हा पोरगा २०१५ साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला. डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२व्या नंबरवर घेतलं. भारतातला पहिलाच. ‘तो शेतातून गेला बे, आपण टालावरून जाऊ,’ असं बल्ली निम्मं गमतीत आणि निम्मं सीरियसली म्हणायचा.

जुलैत ट्रायल्स झाल्या. तीसेक पोरं आली, बारा निवडली. आणि पहिल्याच आठवड्यात पावसाने कोर्टाचा एक बोर्ड खाल्ला. आधीच कुजलेला होता, एका लेअपला अर्धा खाली आला. क्रीडा विभागाकडे अर्ज केला. उत्तर मिळालं, या वर्षी बजेट नाही. एका रिंगवर बास्केटबॉलची प्रॅक्टिस म्हणजे एकाच चाकावर सायकल शिकण्यासारखं.

बल्लीने संध्याकाळी आम्हा तिघांना टालावर नेलं. त्याचे बाबा, आमचे काका, गादीवर हिशेब करत बसले होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘साइज क्या है?’

एवढं मात्र आम्हाला पाठ होतं. बोर्ड १.८० मीटर लांब, १.०५ मीटर उंच. काकांनी मनातल्या मनात फुटात हिशेब केला आणि हसले. प्लायची शीट येते आठ बाय चारची. ‘एक में हो जायेगा. उपर से तुम्हारे लिये एक पाटा भी निकलेगा.’ एकोणीस मिलिमीटरचा, पाण्याला टिकणारा प्लाय त्यांनी काढून दिला. वाकू नये म्हणून सुताराने मागून सागाच्या पट्ट्यांची चौकट ठोकली. पांढरा ऑइलपेंट. मधला काळा चौकोन, ५९ बाय ४५ सेंटिमीटर, मी स्वतः पट्टी लावून रंगवला. पैसे? काका म्हणाले, ‘जीत के आओ, फिर देखेंगे.’

तुम्हाला एक गंमत सांगतो. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधला तेव्हा बोर्ड नव्हताच. पीच फळांच्या टोपल्या जिमच्या गॅलरीला खिळ्यांनी ठोकल्या होत्या. पण गॅलरीतले प्रेक्षक वाकून बॉल अडवायला किंवा आत ढकलायला लागले. त्यांचे हात लांब ठेवायला मागे बोर्ड आला. पुढे त्याच बोर्डावर बॉल आपटून बास्केट करण्याची अख्खी कला उभी राहिली. हे मी बल्लीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे मूळ खेळ टोपलीवाल्याचा, पण सुधारला आपल्या धंद्यानं!’

सीझन म्हणजे किती मिनिटं?

टाल दहाला उघडायचा, म्हणून प्रॅक्टिस सकाळी सहाला. रात्री पाऊस पडला की सिमेंटच्या कोर्टावर तळी. त्यावरचा उपायही लकडगंजातूनच यायचा. बल्ली स्कूटीवर पायाशी भुशाचं पोतं घेऊन यायचा. भुसा पसरायचा, पाणी पिऊ द्यायचं, मग झाडून काढायचा आणि वर कोरडं पोतं फिरवायचं. अर्धा तास झाडझूड, दीड तास खेळ. माझ्या केसांतून ऑक्टोबरपर्यंत भुसा निघायचा आणि आई म्हणायची, ‘कॉलेजात शिकतोस का आरा मशीनवर कामाला आहेस?’

सप्टेंबरात सण आले. तान्ह्या पोळ्याला लहान पोरं लाकडी बैल सजवून फिरतात, ही खास आपली नागपूरकडची गंमत. त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक, म्हणजे इतवारीचे रस्ते बंद. मग गणपती आले. चितार ओळीत मूर्ती घेणाऱ्यांची ही झुंबड. आमच्या बारापैकी चार जण मंडळाचे कार्यकर्ते, म्हणजे दहा दिवस टीम आठ जणांची. असं करत करत युनिव्हर्सिटीची इंटरकॉलेजिएट आली.

आता जरा आकडे बघा. अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल टीव्हीवर पाहिलं असेल. मार्चमधल्या त्या प्रसिद्ध स्पर्धेत ६८ टीम असतात आणि एक हरली की घरी. पण तिथे पोचण्याआधी प्रत्येक टीम तीसच्या आसपास मॅचेस खेळलेली असते. आमचीही पद्धत हरला की घरी, पण त्याआधी काहीच नाही! जुलैपासून रोज सहाला उठायचं आणि पहिलीच मॅच हरलात तर सीझन किती? दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. चाळीस मिनिटं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे येतात. चंद्रपूर-गडचिरोलीला २०११ मध्ये वेगळं गोंडवाना विद्यापीठ मिळालं. म्हणजे सागवाले जिल्हे आमच्या स्पर्धेतून बाहेर, असा बल्लीचा जोक. कॉलेजांच्या स्पर्धेतून युनिव्हर्सिटीची बारा जणांची टीम निवडतात. ती जाते वेस्ट झोनला, जिथे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश अशा राज्यांतली विद्यापीठं भिडतात. त्यातल्या पहिल्या चार टीम ऑल इंडियाला.

आणि हे सगळं रुळाच्या पलीकडे. शहरातली बास्केटबॉलची नावाजलेली ठिकाणं म्हणजे धरमपेठ क्रीडा मंडळ, शिवाजीनगर जिमखाना आणि विद्यापीठाचं रविनगरचं मैदान. सगळी पश्चिमेला. तिकडची पोरं शाळेतून सायकलवर कोर्टावर जायची. आम्ही लकडगंजातून आठेक किलोमीटर सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूचा ट्रॅफिक, स्टेशनचा पूल आणि बर्डीची गर्दी ओलांडून पोचायचो, तेव्हा ती वॉर्मअप करून ताजीतवानी असायची.

पहिली मॅच जिंकलो. दुसरी बल्लीने एकट्याने काढली. रिबाउंड घ्यायचा आणि काळ्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर अलगद टेकवायचा, बस्स. त्याला तो कोपरा डोळे मिटूनही दिसायचा. सेमीफायनल पश्चिमेच्या एका तगड्या कॉलेजशी. तिसऱ्या क्वार्टरला आम्ही सहाने पुढे. बॉस, काय वाटत होतं सांगू! मग बल्लीचा चौथा फाउल झाला, आणि शेवटची चार मिनिटं उरली असताना पाचवा. पाच फाउल म्हणजे बाहेर. तो बेंचवर टॉवेल डोक्यावर घेऊन बसला आणि आम्ही ५८-६१ असे हरलो.

आमचा सीझन १२० मिनिटांचा झाला.

आठ नोव्हेंबर

पण बल्लीचा संपला नव्हता. युनिव्हर्सिटीच्या निवडीसाठी दोघांनाही बोलावलं. माझं नाव पहिल्याच दिवशी गळलं, ठीकच होतं. त्याचं कॅम्पच्या यादीत आलं. रुळाच्या अलीकडून आलेला तो यादीत एकटाच होता. आम्ही सगळ्यांनी टालासमोर तर्री पोहे खाल्ले आणि बिल कधी नव्हे ते टीमने भरलं.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. कॅम्प चालू होता. पहिले दोन दिवस तो आला, असं कळलं. मग आला नाही. मी फोन केले, उचलले नाहीत. यादीतलं नाव खोडून दुसऱ्याचं लिहिलं गेलं. मी टालावर गेलो तर काका म्हणाले, ‘बँक में है.’ मी काय समजायचं ते समजलो. बापाने गादीवर बसवलं. इतकी चीड आली की त्यानंतर मी त्या गल्लीतून जाणंच सोडलं. कॉलेज संपलं, पुण्यात नोकरी लागली. वर्षं गेली. लग्नाचं कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, मी अंगठा पाठवला. आपल्या पिढीचं भांडण असंच असतं ना? आवाज नाही, फक्त अंगठा.

परत, मेट्रोने

२०२२ च्या डिसेंबरात नागपूर मेट्रोची अ‍ॅक्वा लाईन प्रजापतीनगरपर्यंत सुरू झाली. पुढच्या सुट्टीत मी मित्राकडून, एलएडी चौकातून, बसलो. बर्डी सोडलं की मेट्रो रेल्वेच्या रुळांवरून पलीकडे जाते. खिडकीतून खाली चकाकणारे रूळ दिसले आणि कॉटन मार्केट आलंसुद्धा. मग रेल्वे स्टेशन, दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक, चितार ओळ. ज्या रस्त्याने आम्हाला मॅचआधीच घाम फोडला तो एसीत, बसून, अर्ध्या तासाच्या आत. टेलिफोन एक्स्चेंजला उतरलो आणि पाय आपोआप टालाकडे वळले.

गादीवर बल्ली होता. वजन वाढलेलं, चष्मा काकांसारखाच नाकावर. मला बघून उठला, आणि तो उठतो तेव्हा अजूनही गिऱ्हाइकं मान वर करतात.

‘काऊन बे, रस्ता चुकला का?’

चहा आला. इकडचं तिकडचं झालं. काका आता सकाळीच तासभर येतात, म्हणाला. मग मी इतकी वर्षं गिळलेला प्रश्न विचारला. काकांनी का नाही सोडलं तुला?

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘त्यांनी जा म्हटलं होतं. रोज म्हणत होते. मीच नाही गेलो.’

आणि मग त्याने त्या आठवड्याचा हिशेब सांगितला. टालावर अकरा हमाल, रोजीवर. सगळा व्यवहार रोखीचा. तिजोरीत नोटा होत्या, पण चालणाऱ्या नव्हत्या. बँकेत सुरुवातीला एका माणसाला ४,००० रुपये बदलून मिळायचे. घरातले सगळे रांगा वाटून घ्यायचे. काकांना तासन्‌तास उभं राहवत नव्हतं. ‘मी पहाटे पाचपासून लाईनीत. दुपारी पैसे मिळाले की हमालांना वाटायचे. त्यांच्या घरी चूल पेटायची होती ना बे. आणि संध्याकाळी रविनगरला जाऊन काय करणार होतो, लेअप?’

मी विचारलं, ‘मेट्रो असती तेव्हा तर?’

तो हसला. ‘मेट्रो असती तरी बँकेची लाईन तिथंच असती.’

‘वाईट वाटतं?’

‘वाटते ना. चुकलं का, ते नाही माहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या. मी एकच माणूस होतो.’

मी इतकी वर्षं एका माणसावर रागावलो होतो, तो काकांवर होता, आणि चुकीचा होता. त्यांनी आम्हाला प्लाय दिला होता आणि मुलाला सोडायलाही ते तयार होते. अडवलं कुणी म्हणाल तर एकट्या कुणी नाही. काही अंतरं किलोमीटरची असतात, ती मेट्रो भरून काढते. काही घरातल्या गल्ल्याची असतात. पश्चिमेच्या त्या टीममधल्या कुणाला त्या आठवड्यात अकरा माणसांची रोजी वाटायची नव्हती, एवढाच फरक होता. आणि तो स्कोअरबोर्डावर दिसत नाही.

निघताना मी लॅमिनेटचे कॅटलॉग ठेवलेल्या टेबलावर हात टेकवला. पांढरा रंग पिवळट झालेला, कडेला सागाची पट्टी. कॅटलॉग सरकवले. खाली काळा चौकोन. ५९ बाय ४५.

‘कॉलेजने नवीन बोर्ड बसवले, तेव्हा भंगारात टाकत होते,’ बल्ली म्हणाला. ‘पप्पा स्वतः जाऊन घेऊन आले. म्हणाले, माल अपना है.’

‘पैसे राहिलेत रे आमचे. जिंकलो नव्हतो.’

‘लिहून ठेवलेत,’ तो म्हणाला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. अगदी काकांसारखं.

तुम्ही जाणार असाल तर

*कसं जाल:* अ‍ॅक्वा लाईनने टेलिफोन एक्स्चेंज किंवा आंबेडकर चौक. पुढे पायीच फिरा, गाडी आत घालायचा मोह टाळा. ट्रक आणि हातगाड्यांपुढे तुमचं काही चालणार नाही.

*कधी जाल:* सकाळी दहानंतर, टाल उघडल्यावर. पावसाळ्यात गेलात तर लाकडाचा वास खरा कळेल. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेलात तर लाकडी बैल आणि मारबत दोन्ही पदरात पडतील, पण इतवारीचे रस्ते विसरा.

*काय कराल:* साग आणि आडजात यातला फरक एखाद्या टालवाल्याला विचारा. तो अर्धा तास सांगेल, चहाही पाजेल. वाटेत चितार ओळीत उतरून मूर्तिकारांचे हात बघा. बास्केटबॉलची आवड असेल तर संध्याकाळी एलएडी चौकाला उतरून रिक्षाने रविनगरला चक्कर टाका.

*काय खाल:* तर्री पोहे. आणि बिल टीमने भरावं, ही अट.